नाळ कापणारे हात आणि नोंदवही

"मॅडम, हे कागद खरे आहेत का, एवढंच सांगा."

बारामतीच्या एस. टी. स्टँडवर मी इंदापूरच्या गाडीची वाट पाहत उभी होते. एका मुलीने प्लॅस्टिकची फाईल माझ्यापुढे धरली. चेहरा ओळखीचा होता. तीन वर्षांपूर्वी ती माझ्या वर्गात बी. ए.च्या पहिल्या वर्षाला होती. इंदापूर तालुक्यातली, आईबाप दुसऱ्याच्या उसात लागण-खुरपणीला जाणारे. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती वर्गात येईनाशी झाली. 'नर्सिंगला जाते' असे सांगायला ती आली होती, तेव्हा मी तिच्या पाठीवर हात ठेवून 'चांगलं केलंस' म्हटले होते. कुठले नर्सिंग, किती वर्षांचे, कोणाच्या मान्यतेचे, यातले काहीही मी विचारले नव्हते.

फाईलमध्ये सोनेरी काठाचे एक प्रमाणपत्र होते. वर तीन बोधचिन्हे, खाली गोल शिक्का, मधोमध 'शासनमान्य' हा शब्द आणि एक लांबलचक नोंदणी क्रमांक. तो क्रमांक मी दोनदा वाचला. तो त्या मुलीचा नव्हता, अभ्यासक्रमाचाही नव्हता. धर्मादाय आयुक्तांकडे ती संस्था नोंदवली गेली होती, त्याचा तो क्रमांक होता. एवढ्या कागदासाठी तिच्या आईने बचत गटाचे कर्ज काढले होते.

'खोटे आहेत' असे एका शब्दात उत्तर देता आले असते. पण तो शब्द तेथेच थांबला असता. तिच्यासारख्या किती मुली आपल्या वस्त्यांमधून दरवर्षी पांढरा गणवेश घालून निघतात आणि त्यांच्या अंगावरचा तो पांढरा रंग त्यांचे रक्षण का करीत नाही, हे समजून घ्यायचे तर नोंदवही म्हणजे काय येथूनच सुरुवात करावी लागते. आपल्या चळवळीने शिक्षण, जमीन, राखीव जागा, नामांतर ह्या प्रश्नांवर पुष्कळ विचार केला. आरोग्याच्या क्षेत्रात कोणाला 'व्यावसायिक' म्हणायचे आणि कोणाला नुसते 'हात' म्हणायचे, हा प्रश्न मात्र आपण डॉक्टरांचा घरगुती प्रश्न समजून बाजूला ठेवला. तो आपलाच प्रश्न आहे.

१

व्यवसायाची नोंदवही चार गोष्टी करते. ह्या नावाने काम कोणी करावे, हे ती ठरवते. त्यासाठी किती आणि कोणते शिक्षण लागेल, हे ठरवते. काम करताना वागणूक कशी असावी, हे सांगते. आणि चूक झाली तर तक्रार कोठे करायची, नाव कोणी काढून टाकायचे, हे ठरवते. ह्या चारही गोष्टी जेथे आहेत तेथे व्यवसाय आहे. जेथे त्या नाहीत तेथे केवळ नोकरी आहे, किंवा मजुरी.

इंग्लंडात डॉक्टरांची नोंदवही १८५८च्या कायद्याने आली. आपल्याकडे मुंबई इलाख्यात १९१२ साली वैद्यकीय कायदा झाला आणि डॉक्टरांच्या नोंदणीला सुरुवात झाली. परिचारिका, सुइणी आणि आरोग्य-अभ्यागता यांच्या नोंदणीचा मुंबईचा कायदा १९३५चा. म्हणजे डॉक्टरांच्या आणि परिचारिकांच्या वहीत तेवीस वर्षांचे अंतर आहे. १९४७ साली भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा आला. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६५चा महाराष्ट्र वैद्यक परिषद कायदा आणि १९६६चा महाराष्ट्र परिचारिका कायदा झाला. अलीकडे ही सगळी घडी नव्याने घालण्यात आली आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या जागी २०१९च्या कायद्याने राष्ट्रीय वैद्यकीय आयोग आला. प्रयोगशाळा, क्ष-किरण, भौतिकोपचार, शस्त्रक्रिया-भूल तंत्रज्ञान अशा कामांसाठी २०२१ साली संलग्न आरोग्य व्यवसायांचा राष्ट्रीय कायदा झाला. परिचारिका आणि प्रसाविका यांच्यासाठी संसदेने २०२३ साली नवा आयोग स्थापण्याचा कायदा केला.

२०२१च्या कायद्यातील एक तपशील आपल्या पोरांनी पाठ करावा असा आहे. संलग्न आरोग्य व्यावसायिक म्हणवून घेण्यासाठी किमान दोन हजार तासांचे शिक्षण, तेही दोन ते चार वर्षांत विभागलेले, असावे लागते. त्यावरच्या 'आरोग्य व्यावसायिक' ह्या पायरीसाठी किमान तीन हजार सहाशे तास, तीन ते सहा वर्षांत. म्हणजे 'सहा महिन्यांत लॅब टेक्निशियन व्हा' अशी पाटी कोठे दिसली तर ती वाचताना हा हिशेब मनात करावा.

परिचर्येचे गणितही असेच आहे. सहायक परिचारिका-प्रसाविका, म्हणजे ए. एन. एम., हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा. जी. एन. एम. तीन वर्षांचा. बी. एस्सी. नर्सिंग चार वर्षांचा. संस्थेला शासनाची परवानगी आणि परिचर्या परिषदेची मान्यता असावी लागते. परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर विद्यार्थिनीचे स्वतःचे नाव परिषदेच्या वहीत चढते आणि तिला तिचा स्वतःचा क्रमांक मिळतो. एक वर्षाची 'नर्स' ह्या राज्यात कायद्याने अस्तित्वातच नाही.

येथे एक गोष्ट नीट सांगितली पाहिजे. रुग्णाला उठवणे-बसवणे, अंग पुसणे, जेवू घालणे ह्या कामांसाठी सहायकांचे काही महिन्यांचे कौशल्य-अभ्यासक्रम असतात. त्यांत वाईट काही नाही. ते काम मोलाचे आहे आणि शिकून केले तर अधिक चांगले होते. फसवणूक होते ती सहायकाचे शिक्षण देऊन परिचारिकेचे नाव सांगितले जाते तेव्हा. माझ्या विद्यार्थिनीची झाली ती हीच.

२

आता नोंदवहीच्या बाहेर राहिलेल्यांकडे येते. माझी आजी सुईण होती. नीरेच्या काठच्या आमच्या गावात मांगवाड्यातून रात्री-अपरात्री तिला बोलावणे येई. पाटलाच्या, माळ्याच्या, धनगराच्या घरी ती जाई. ज्या माजघरात एरवी तिची सावली चालत नसे, तेथे ती कळा सुरू झाल्यापासून पाचवीच्या पूजेपर्यंत असे. नाळ ती कापी, वार ती पुरी, रक्ताने भरलेली लुगडी ती धुई. बाराव्या दिवशी बारसे होई तेव्हा ती दाराबाहेर उभी असे. मिळकत म्हणजे पायलीभर जोंधळे, खण, नारळ. आजी म्हणायची, "पोर माझ्या हातात रडलं, पर नाव ठिवताना मला कुनी इचारलं न्हाई."

हे काम आमच्याकडे का आले? कौशल्य होते म्हणून नव्हे. बाळंतपणाचा विटाळ मानला गेला आणि विटाळाचे प्रत्येक काम गावाने महार-मांगांच्या दारात आणून टाकले, म्हणून ते आमच्याकडे आले. पिढ्यान् पिढ्या ते करता करता कौशल्य मागाहून आले. बाबासाहेबांनी १९३६ साली दाखवून दिले होते की जातीने नुसती कामे वाटली नाहीत, काम करणारी माणसेच एकमेकांपासून तोडून वर-खाली लावली. सुईणपणाइतके त्याचे स्वच्छ उदाहरण सापडणे कठीण.

आणि ज्या बायका गावभर बाळंतपणे करीत होत्या, त्यांची स्वतःची बाळंतपणे कशी होत होती? १८५५ साली 'ज्ञानोदया'त एका मुलीचा निबंध छापून आला. मुक्ता साळवे हे तिचे नाव. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणारी, मांग जातीची, चौदा वर्षांची. आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा डोक्यावर छप्पर नसते, थंडीवाऱ्यात त्या हाल सोसतात, आजार झाला तर वैद्याला आणि औषधाला पैसा कोठून आणायचा, असा सवाल तिने त्यात केला आहे. आपल्या समाजाने लिहिलेल्या अगदी पहिल्या लेखनातच आरोग्यसेवेचा प्रश्न आहे, ही गोष्ट आपल्या साहित्याच्या अभ्यासकांनी लक्षात घ्यावी.

आजीविषयी मला हळवे व्हायचे नाही. तिने शेकडो पोरे सुखरूप जगात आणली. पण एक बाई तिच्या हातून गेली. वार पडेना, रक्त थांबेना. बैलगाडीतून इंदापूरला नेताना वाटेतच ती संपली. आजी मरेपर्यंत त्या बाईचे नाव घेत असे. त्यानंतर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाईंचे तीस दिवसांचे प्रशिक्षण झाले, तेव्हा पहिल्या दिवशी आजी सगळ्यांच्या आधी जाऊन बसली होती. स्वच्छ हात, स्वच्छ जागा, स्वच्छ पाते, स्वच्छ दोरा, स्वच्छ नाळ: हे पाच नेम ती शेवटपर्यंत बोटांवर मोजून दाखवी. तिला पत्र्याची एक पेटी मिळाली. क्रमांक मात्र मिळाला नाही. शासनाने तिला शिकवले, तिच्याकडून काम करून घेतले, पण तिचे नाव कोणत्याही व्यवसायाच्या वहीत लिहिले नाही.

२००५ साली जननी सुरक्षा योजना आली. बाळंतपणे दवाखान्यात व्हावीत असे धोरण ठरले आणि ते योग्यच होते. महाराष्ट्रात एक लाख जिवंत जन्मांमागे २००४-०६ मध्ये १३० माता दगावत होत्या. २०१८-२० मध्ये तो आकडा ३३वर आला. ह्या आकड्यांमागे जिवंत राहिलेल्या आया आहेत आणि त्यांत आपल्या आयाही आहेत. जुने सुईणपण परत आणा, असे मी म्हणणार नाही. माझे म्हणणे वेगळे आहे.

इंग्लंडातही शिकलेल्या सुइणी पुढे आल्या आणि न शिकलेल्या मागे पडल्या. परंतु तेथे १९०२ साली सुइणींचा कायदा झाला तेव्हा त्यात एक सोय ठेवली होती. जी बाई निदान वर्षभर प्रामाणिकपणे हे काम करीत आली आहे आणि जिची वागणूक चांगली आहे, तिलाही अर्ज करून नोंदवहीत येता येत असे. पुढच्या पिढीने शिकून यायचे, पण आजच्या पिढीला अपमानित करून घालवायचे नाही, हा त्यामागचा विचार. आपल्याकडे दाईला पेटी दिली आणि मग एके दिवशी तिची गरज संपली. २०१८ साली केंद्र शासनाने प्रसाविका-सेवेची नवी मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत प्रसाविका होण्यासाठी आधी नोंदणीकृत परिचारिका असावे लागते आणि त्यावर अठरा महिन्यांचे शिक्षण. मानदंड म्हणून ते चांगले आहे. पण ज्यांच्या आज्यांनी हे काम विटाळ सोसून सांभाळले, त्यांच्या नाती त्या वर्गात किती आहेत, हे कोणी मोजले आहे काय? कामाला किंमत नव्हती तेव्हा ते आमचे होते. त्याला किंमत आली तेव्हा प्रवेशाला गुणपत्रिका आणि फी लागू लागली.

३

कोणत्याही रुग्णालयात जा आणि हाका ऐका. डॉक्टरला 'सर' किंवा 'मॅडम'. परिचारिकेला 'सिस्टर'. त्याखाली येताच हाका गावच्या होतात. वॉर्डबॉय 'मामा', आया 'मावशी'. ऐकायला गोड वाटते. पण मामांचे आडनाव कोणाला ठाऊक नसते आणि मावशींचे पद कोणत्या कागदावर नसते. नात्याची हाक मारली की नेम विचारावा लागत नाही. मामा सलाईन बदलतात, मावशी टाके ओले होऊ नयेत म्हणून पट्टी बांधतात. काही बिघडले की त्याच मावशी 'अशिक्षित सफाईवाल्या' होतात.

ग्रामीण भागात शवविच्छेदनाच्या खोलीत कित्येक ठिकाणी प्रत्यक्ष चिरफाड सफाई कर्मचारीच करीत आला आहे. अहवालावर सही डॉक्टरची असते. जो हात मृतदेहाला लागतो तो कोणत्या जातीचा असतो, हे ह्या नियतकालिकाच्या वाचकाला सांगायला नको. त्या माणसाला शरीररचनेचे जे ज्ञान असते, त्याला मानदंड नाही, पदनाम नाही, पगारात त्याचा रुपया नाही.

तरीही ह्या पायरीवरच्या माणसांसाठी एक कायदेशीर आधार आहे आणि आपल्या कार्यकर्त्यांनी तो हातात घेतला पाहिजे. जैव-वैद्यकीय कचऱ्याचे नियम २०१६ साली नव्याने झाले. पिवळी, लाल, पांढरी, निळी ही रंगांची व्यवस्था पुष्कळांना माहीत असते. त्याच नियमांत पुढे जे लिहिले आहे ते माहीत नसते. कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला प्रशिक्षण, हातमोजे-बूट-मुखपट्टी इत्यादी साधने, कावीळ-ब आणि धनुर्वाताच्या लसी, कामावर घेताना आणि नंतर वर्षातून निदान एकदा आरोग्य तपासणी, ही जबाबदारी रुग्णालय चालवणाऱ्यावर टाकलेली आहे. 'ती माणसे ठेकेदाराची आहेत' हे उत्तर पुरेसे नाही. बारामती असो वा इंदापूर, कोणत्याही खासगी वा सरकारी रुग्णालयातील सफाई कामगाराला एकच प्रश्न विचारून पाहा: कावीळ-बच्या लसीचे तीनही डोस झाले का? त्या उत्तरावरून रुग्णालयाची प्रत कळते.

४

गावात आज आजीच्या जागी आशा आहे. २००५च्या ग्रामीण आरोग्य अभियानातून हजार लोकसंख्येमागे एक, अशी तिची योजना झाली. गरोदर बाईची नोंद, लसीकरण, क्षयाच्या गोळ्या, पाहणीचे तक्ते, हे सारे तिच्याकडे. पण नाव 'स्वयंसेविका'. स्वयंसेविकेला पगार नसतो, कामागणिक मोबदला असतो. कोरोनाच्या काळात ती दारोदार फिरली. जून २०२१मध्ये महाराष्ट्रातील आशांना संपावर जावे लागले. मे २०२२मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील दहा लाखांहून अधिक आशांचा एकत्रित गौरव केला. जगाने गौरव करावा आणि घरच्याने कर्मचारी म्हणू नये, असा हा प्रकार आहे.

'मानधन', 'मोबदला', 'प्रोत्साहन भत्ता' हे शब्द सभ्य आहेत. पण काम कायमचे आणि दाम कृपेचा, ही पद्धत आपण ओळखतो. तिला आपल्या गावात बलुते म्हणत. आजीचे पायलीभर जोंधळे आणि आशाचा मोबदला यांत शतकाचे अंतर आहे, तत्त्वाचे फारसे नाही. आणि येथेही मानदंडाचा प्रश्न आहे. प्रशिक्षण घेतलेल्या आशाला त्या अनुभवाच्या आधारावर ए. एन. एम.च्या शिक्षणात जाण्याची पायवाट जेवढी रुंद होईल, तेवढी ती 'स्वयंसेविके'च्या सापळ्यातून बाहेर येईल.

तीच गत पुण्याला ब्युरोमार्फत म्हाताऱ्यांच्या सेवेला जाणाऱ्या बायकांची. इंदापूर-बारामतीकडच्या कितीतरी बायका चोवीस तासांच्या ड्यूटीवर परक्या घरात राहतात. लघवीची नळी, नाकातून अन्न, इन्शुलिनची सुई, सगळे करतात. पगारातून ब्युरो कापून घेतो. त्यांची जात घरमालक हळूच विचारून घेतो. शिक्षण मात्र कोणी विचारीत नाही.

५

आता माझ्या विद्यार्थिनीच्या रात्रीकडे येते. तिने ती मला स्टँडवरच्या सिमेंटच्या बाकावर बसून सांगितली. आमच्या दोन गाड्या निघून गेल्या.

एका लहान खासगी रुग्णालयात ती रात्रपाळीला होती. बारा तास, महिना सहा हजार. डॉक्टर घरी. ऊसतोडणीच्या टोळीतली एक बाई तापाने भरती होती. फोनवर सांगणे आले, 'ते इंजेक्शन देऊन टाक.' हिने दिले. थोड्या वेळात बाईच्या अंगावर गांधी उठल्या, श्वास लागला. अशा वेळी काय करायचे, हे एक वर्षाच्या त्या अभ्यासक्रमात शिकवलेच नव्हते. हिने फोन केला. धावाधाव होऊन बाईला मोठ्या रुग्णालयात हलवले. बाई वाचली. सकाळी नातेवाईक जमले तेव्हा त्यांना सांगण्यात आले, "ती आमची नर्स नाही, मदतनीस आहे. तिने परस्पर सुई दिली." आदल्या रात्रीपर्यंत ती 'सिस्टर' होती.

"मॅडम, मी चुकले का?" तिने विचारले.

मी तिला खरे ते सांगितले. चूक झाली. जे आपल्याला शिकवलेले नाही ते रुग्णाच्या शरीरावर करणे ही चूकच आहे आणि ती बाई मेली असती. पण त्या चुकीत तिचा वाटा सर्वांत लहान होता आणि शिक्षा मात्र तिला एकटीला झाली. नोंदणीकृत परिचारिका असती तर लेखी आदेश मागण्याचा आधार तिच्याजवळ असता. 'हे मी देणार नाही' म्हणण्याचे बळ असते. चौकशी झालीच तर ती तिच्या व्यवसायाच्या परिषदेपुढे, तिचे म्हणणे ऐकून झाली असती. नोंदवही कामगाराला बांधते हे आपण पाहतो. ती त्याच्या पाठीशी उभीही राहते, हे आपल्या ध्यानात येत नाही, कारण आपण तिच्यात कधी फारसे नव्हतोच.

आणि त्या खाटेवरची बाई कोण होती? ती आपलीच होती. हाच ह्या प्रश्नाचा पेच आहे. न शिकलेल्या हातात सुई देऊन पैसा वाचवणारे रुग्णालय दोन्ही बाजूंनी गरिबालाच पकडते. सुई देणारी आपली, घेणारीही आपली.

रुग्णाला कायद्याचा आधार नाही असे नाही. खासगी रुग्णालयांसाठी आपल्या राज्यात १९४९चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा आहे. पात्र परिचारिकांचे योग्य प्रमाण नसेल तर नोंदणी नाकारता येते. २०२१च्या सुधारित नियमांनी रुग्ण-हक्कांची सनद दर्शनी भागात लावणे बंधनकारक केले. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली. १९९६ साली मुंबईतील एका मृत्यूच्या खटल्यात, होमिओपॅथीचे शिक्षण असलेल्याने न शिकलेल्या ॲलोपॅथीची औषधे देणे हाच निष्काळजीपणा, असा निवाडा दिला. परंतु १९९५च्या निकालातली मेख पाहा. जेथे सर्वांना सर्व सेवा फुकट मिळते, ते रुग्णालय ह्या कायद्याबाहेर राहते. म्हणजे ज्याच्याजवळ पैसे नाहीत, त्याच्याजवळ ग्राहक न्यायालयही नाही. २०१९च्या वैद्यकीय आयोगाच्या कायद्यातही राज्य परिषदेच्या निर्णयावर अपिलाची तरतूद करताना नाराज डॉक्टरचा विचार झाला, नाराज रुग्णाचा झाला नाही. व्यवसायाने स्वतःचा न्याय स्वतः करायचा ठरवला की पंचायतीत कोण बसले आहे हे बघावे लागते. गावपंचायतीचा अनुभव आपल्याला आहेच.

६

काही कार्यकर्ते मित्र म्हणतात, "नियम कडक झाले तर आपल्याच पोरींच्या नोकऱ्या जातील. सहा हजार तर सहा हजार, घर चालते." ही हरकत खोटी नाही. पण ती आपण नेहमी आपल्याविषयीच का स्वीकारावी? डॉक्टरच्या मुलीने एक वर्षाचा कागद घेऊन रात्रपाळी करावी, असे कोणी म्हणत नाही. कमी मानदंड ही आपल्याला दिलेली सवलत नाही. स्वस्त माणूस मिळावा म्हणून ती केलेली सोय आहे. जे आज काम करीत आहेत त्यांना काढून टाकू नका. त्यांना मुदत द्या, शिकण्यासाठी रजा आणि विद्यावेतन द्या, अनुभव मोजा, परीक्षा घ्या आणि वहीत घ्या. १९०२ साली जे इंग्लंडला सुचले, ते आपल्याला आज सुचायला हरकत नाही.

शिक्षकांना माझी विनंती आहे. बारावीच्या निकालानंतर महिनाभर आपल्या महाविद्यालयाच्या फळ्यावर चार ओळी लिहून ठेवा. संस्थेचे नाव परिचर्या परिषदेच्या यादीत आहे का? अभ्यासक्रम किती वर्षांचा? शिष्यवृत्ती शासनाच्या नियमानुसार लागू आहे का? परीक्षा कोण घेते? 'शासनमान्य' हा शब्द वाचून थांबू नये. कोणत्या शासनाने, कोणत्या खात्याने, कशाला मान्यता दिली, हे तीन प्रश्न विचारावेत. संस्थेची धर्मादाय नोंदणी म्हणजे अभ्यासक्रमाची मान्यता नव्हे.

कार्यकर्त्यांनी रुग्णालयात गेल्यावर बिलाइतकेच लक्ष गणवेशाकडे द्यावे. 'सिस्टर, आपला नोंदणी क्रमांक काय?' हा प्रश्न त्या मुलीला लाजवण्यासाठी नाही, तिच्या मालकाला विचारण्यासाठी आहे. आणि बारामतीत २०१९पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, अहिल्यादेवींच्या नावाचे. तेथे आपली मुले डॉक्टर होण्यासाठी जाऊ लागली, याचा मला आनंद आहे. तेथे मामा आणि मावशी म्हणून आपली किती माणसे आहेत आणि त्यांच्या नेमणुकीचा कागद कोणाकडे आहे, हेही आपल्या त्याच मुलांनी विचारावे.

सावित्रीबाईंनी १८९७च्या प्लेगमध्ये मुंढव्याच्या महारवाड्यातले आजारी पोर पाठीवर घेऊन यशवंतरावांच्या दवाखान्यात आणले आणि त्याच साथीत त्या गेल्या. त्यांच्याजवळ कोणत्याही परिषदेचा क्रमांक नव्हता. पण दवाखाना होता आणि त्यात शिकलेला डॉक्टर होता. करुणेला त्यांनी शास्त्राची जोड दिली होती. आपण सेवेचा गौरव करताना दुसरा भाग विसरतो आणि 'सेवाभाव' ह्या शब्दाखाली आपल्या बायकांची मजुरी बुडवतो.

त्या मुलीला मी त्या दिवशी सांगितले की हे कागद नोकरी देतील, हक्क देणार नाहीत. तिचे वय एकवीस. बारावी कलाशाखेत झालेली आहे आणि ए. एन. एम.ला कलाशाखा चालते. ती काही बोलली नाही. फाईल बंद करून पिशवीत घातली आणि गाडीत चढली.

दोन महिन्यांनी तिचा फोन आला. एका संस्थेचे नाव सांगून म्हणाली, "यादीत आहे मॅडम. मी स्वतः बघितलं. परीक्षा कोण घेतं, तेही विचारलं." मग थोडे थांबून म्हणाली, "आईचं पहिलं कर्ज अजून फिटायचंय. फीचं काय करायचं, तेवढं सांगा."

तिच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात होते. ह्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आपल्याला मिळून द्यायचे आहे. शिष्यवृत्तीचा अर्ज आम्ही दोघींनी बसून भरला आहे.